सिग्नलला गाडीच्या गरमीचा काटा चढतो म्हणजे हेड गॅस्केटच गेलं असं नसते भाऊ

हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडायला एवढ्यात हो म्हणू नका. गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील.

तुम्ही सांगितलं त्यातून मी समजलो ते असं. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, मागाहून सीएनजी किट बसवलेलं, नागपुरात बेसा ते सदर रोजचं जाणं-येणं. एसी चालू असला की रहाटे कॉलनीच्या सिग्नलपासून काटा चढायला लागते, व्हरायटी चौकात पाऊणच्या वर जाते, आणि गाडी जरा पळाली की आपोआप खाली येते. आठवड्याला अर्धा लिटर पाणी टाकावं लागून राहिलं. पहिल्या मेकॅनिकनं कूलंट (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते) बदललं आणि "आपल्या नागपुरात थर्मोस्टॅट वॉल कशाला पायजे" म्हणून तो वॉल्व्ह (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा) काढूनच टाकला, आता दुसरा म्हणते गॅस्केट उडालं, हेड उतरवू.

आता बघा, अर्धं उत्तर तुमच्याच बोलण्यात आहे. गाडी गरम होते हे सगळेच सांगतात, पण कधी गरम होते हे कोणी विचारत नाही, आणि खरं निदान तिथूनच सुरू होते. उभ्या गाडीत चढते आणि पळताना उतरते म्हणजे हवा कमी पडून राहिली. पळताना हवा बंपरमधून आपोआप येते, उभ्या गाडीत ती फक्त फॅन ओढते, म्हणून पहिला संशय फॅनवर आणि रेडिएटरच्या (पाणी थंड करणाऱ्या) जाळीत अडकलेल्या कचऱ्यावर. याच्या उलट, शहरात ठीक चालते पण समृद्धी महामार्गावर १२० ला तासभर धरली की चढते, तर मग हवा भरपूर आहे, कमी पडते ते पाणी फिरणं: रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या, वॉटर पंप थकलेला, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, खालचा पाईप जास्त आरपीएमला आत चेपून राहिला, असलं काहीतरी. आणि थंडी-ऊन, सिग्नल-हायवे काही न बघता कधीही चढत असेल तर पाणीच कमी आहे नाहीतर गॅस्केटमधून गॅस पाण्यात शिरून राहिली. तुमची केस पहिल्या प्रकारची आहे, त्यात एक वेगळं लीकेज आहे. हे दोन वेगळे रोग आहेत, एकाच नावाखाली दोन्ही घालू नका.

लोक म्हणतात डिसेंबरात तर काही नव्हतं, मे लागला आणि बिघडली. तसं नसते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकते ते आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशावर आणि हवा २५ ची, तर फरक ७० चा. हवा ४६ ची झाली की फरक उरला ४९, म्हणजे तीच गाडी, तोच रेडिएटर, पण ताकद सत्तर टक्क्यांवर. त्यात एसीचा कंडेन्सर (एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसलेला असते, तो आपली गरमी टाकून हवा आणखी दहा-बारा अंशानं तापवूनच मागे पाठवते, म्हणजे रेडिएटरला खरंतर ५८ ची हवा मिळते आणि फरक राहिला ३७, निम्म्याच्या जवळपास. आपल्याकडे नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालेत, नवतप्यात (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) ४५-४६ म्हणजे बातमीसुद्धा नाही. कंपनी एवढ्या गरमीचा विचार करूनच रेडिएटर देते, पण जाळी तीस टक्के बुजली असेल तर हिवाळ्यात कळतच नाही. बिघाड आधीपासून असते, मे महिन्यात तो फक्त उघडा पडते.

आता तपासायला कुठून लागायचं ते. पैसे न लागणारं आधी.

सकाळी इंजिन एकदम थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना चुकूनही नाही, त्यावर खाली बोलतो). पाणी काठापर्यंत पायजे. बाजूच्या बाटलीत मिनिमम-मॅक्सिमममध्ये पाणी आहे म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं धरू नका, झाकणाचा वॉल्व्ह बिघडला की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं खुशाल होते. गरम झाल्यावर पाणी बाटलीत जाते आणि थंड झाल्यावर तेवढंच परत ओढलं गेलं पायजे, तुमच्या बाटलीवर मार्करनं खूण करा आणि संध्याकाळी-सकाळी बघा. परत ओढलं जात नसेल तर झाकण तरी गेलं नाहीतर कुठूनतरी हवा शिरून राहिली. ज्या गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसते, बाटलीच प्रेशरची असते, तिथे लेव्हल बाटलीतच बघायची.

या झाकणाला लोक फार हलकं घेतात. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असते, तो बारमधला दाब. साधं पाणी १०० ला उकळते, अर्धं-अर्धं कूलंट टाकलं तर १०६-१०७ ला, पण १.१ बारचं झाकण घट्ट बसलं असलं तर तेच मिश्रण १२५ च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं की तुमची सगळी सवलत गेली, १०८-११० लाच बाटलीत बुडबुडे आणि मग "भाऊ हेड गेलं". नवीन झाकण काही शेकड्यात येते, आकडा मात्र तोच घ्या जो जुन्यावर आहे, जास्त दाबाचं बसवलं तर जुने पाईप फाटतील.

मग फॅन. गाडी सावलीत उभी करा, इंजिन चालू, एसी चालू. बहुतेक गाड्यांत एसीचा कंप्रेसर लागला की फॅन लगेच फिरायला पायजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटरचा कपलर (वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट) बघा. कपलर हा आपल्याकडचा खास रोग आहे, फॅन भरपूर करंट ओढते, पिन जरा ढिल्या झाल्या की तापतात आणि प्लास्टिक वितळून पिवळं-काळं होते, वरून लावलेला दिसते पण करंट जात नाही. मोटरला सरळ बॅटरीवरून बारा व्होल्ट देऊन बघा, फिरली तर वायरिंग किंवा रिले, नाही फिरली तर मोटर. आणि मोटर टकटक मारल्यावर फिरत असेल तर कार्बन ब्रश संपलेत, ती आज फिरेल आणि उद्या ऐन लोकमत चौकात थांबेल.

फॅन फिरतो एवढ्यावर समाधान मानू नका हं. पेपरचं एक पान घ्या आणि गाडीच्या समोर, बंपरच्या जाळीला लावा. पान जाळीला चिकटून राहिलं पायजे. गळून पडत असेल तर फॅन फिरतो पण हवा ओढत नाही, आणि पान तुमच्याकडे उडत असेल तर फॅन उलटा फिरून राहिला! हसू नका, लोकल मोटर टाकताना प्लस-मायनस अदलाबदल झाली की असंच होते, फॅन मस्त आवाज करते, मेकॅनिक बघून म्हणते फॅन ओके, आणि हवा इंजिनकडून पुढे फेकली जाते. आमच्याकडे अशी एक गाडी आली होती, आधीच्या गॅरेजात रेडिएटर नवा टाकून झाला होता, वॉटर पंप नवा टाकून झाला होता, आणि बिघाड निघाला दोन वायरींचा. तुमच्या गाडीची मोटर कधी बदलली असेल तर हे नक्की बघा. शिवाय फॅनला दोन स्पीड असतील तर लो स्पीडचा रेझिस्टर जळलेला असू शकते, मग फॅन थेट फुल स्पीडलाच लागते, तोवर काटा चढून गेलेला असते. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर कोणी काढून ठेवलं असेल तर तेही परत लावा, ते शोभेचं नाही, त्याच्याशिवाय फॅन रेडिएटरमधून ओढायच्या ऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसते.

एक लक्षात ठेवा, इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होते. बोटं, ओढणी, गमछा लांब.

आता माझा सगळ्यात जास्त संशय जिथे आहे ते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली बोटभर जागा. समोरून टॉर्च मारला तर कंडेन्सर चकाचक दिसते, वॉशिंग सेंटरवाल्यानं तर तो रोज धुतलेला असते, पण मधल्या फटीत दहा वर्षांची धूळ, गवताचं बी, मेलेले किडे आणि आपल्या विदर्भात कापसाचे तंतू असा नमदा बसलेला असते. कापसाच्या सीझनमध्ये कापसाच्या ट्रकमागून हिंगणघाट-वर्धा रोडनं जाणाऱ्या गाड्यांत हे जास्त. टॉर्च इंजिनच्या बाजूनं रेडिएटरच्या मागे धरा आणि दुसऱ्याला समोरून बघायला सांगा, उजेड आरपार दिसला पायजे. नाही दिसला तर वरचे ब्रॅकेटचे दोन बोल्ट ढिले करून रेडिएटर जरा मागे कलवावा लागते, फॅन काढावा लागते, आणि मग साध्या पाण्याच्या पाईपनं आतून बाहेर, म्हणजे इंजिनकडून समोरच्या दिशेनं धुवायचं. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, अॅल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या लोळतात आणि जे उघडं होतं तेही बंद होते. तुमच्यासारख्या केसमध्ये कितीदा तरी एवढ्यावरच काम भागते, आणि एसी पण चांगला थंड व्हायला लागते, कारण कंडेन्सरलाही तीच हवा पायजे असते.

आतली बाजू वेगळी. आठवड्याला अर्धा लिटर तुम्ही जे पाणी टाकून राहिले ते कुठलं? बोअरचं असेल तर आजच बंद करा. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसून त्या दगड होतात ना, तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसते, आणि त्या नळ्या आजकाल दोन मिलिमीटरच्याही खाली असतात. बॅटरीवाल्याकडे मिळणारं डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणी घ्या (ॲसिड नाही, पाणी), त्यात कूलंट कॉन्सन्ट्रेट अर्धं-अर्धं, नाहीतर सरळ प्रीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) घ्या. प्रीमिक्समध्ये पुन्हा पाणी घालायचं नाही, हे दुकानदारही कधी कधी सांगत नाहीत. रंग बघून मिसळू नका, हिरव्याला हिरवं म्हणून भागत नाही, मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिला तोच. आणि "आपल्याकडे बर्फ कुठे पडते, कूलंट कशाला" हे फार ऐकायला मिळते, कूलंटमध्ये गंज थांबवणारं रसायन असते आणि उकळबिंदू वाढते, म्हणून नागपूरलाच ते जास्त पायजे.

नळ्या बुजल्यात का ते बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर बरा. गाडी गरम करून रेडिएटरवर जागोजागी रीडिंग घ्या, मध्येच एखादा पट्टा बराच थंड लागला तर तिथून पाणी जात नाही. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाईपच्या गरमीत फरक फारच कमी असेल तर रेडिएटरला हवा लागून नाही राहिली, फरक खूपच जास्त असेल तर पाणी हळू फिरून राहिलं. जुने पितळी रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ व्हायचे, आताचे प्लास्टिक टाकीचे अॅल्युमिनियमवाले तसे साफ होत नाहीत, बदलावेच लागतात.

आता लीकेज. अर्धा लिटर आठवड्याला हे थोडं नाही. तुमचं सीएनजी किट मागाहूनचं आहे म्हणून मी आधी रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणारा भाग) बघीन. रिड्यूसर गरम राहावा म्हणून किट लावणारा हीटरचे पाईप कापून मध्ये टी-जॉइंट टाकते, त्यावर स्वस्तातल्या क्लिपा, आणि चार-पाच वर्षांनी तिथे बारीक झिरपायला लागते. गरम इंजिनवर पडून ते उडून जाते म्हणून खाली डाग दिसत नाही, जॉइंटभोवती फक्त पांढरी-हिरवी पावडर सुकलेली दिसते. ती शोधा. अजून एक खूण: गॅसवर गाडी झटके देते आणि रिड्यूसर बाहेरून घामेजलेला किंवा बर्फ धरलेला दिसते, तर त्याच्यातून गरम पाणी फिरून नाही राहिलं, म्हणजे पाणी कमी किंवा लाइनमध्ये हवा. त्यानंतर रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची शिवण, वॉटर पंपच्या खालचं बारीक भोक (तिथून ओघळ दिसला की पंपाचं सील गेलं), आणि डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं-चिकट, गोडसर वास, तर हीटर कोर, म्हणजे डॅशबोर्डमागची हीटरची छोटी जाळी.

डोळ्यांना दिसलं नाही तर प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. उतरला तर कुठूनतरी गळते, टॉर्च घ्या आणि शोधा. लीकेज बंद करायची पावडर किंवा ट्रकवाल्यांची हळद घालू नका, जुन्या पितळी रेडिएटरला ते एखादवेळ निभलं, आताच्या बारीक नळ्यांत गळती थांबायच्या आधी नळ्याच बंद होतात.

बाहेर काहीच गळत नाही आणि पाणी जातेच, तेव्हा हेड गॅस्केटचं नाव घ्यायचं. तेही अंदाजानं नाही. ब्लॉक टेस्टर म्हणून एक नळी येते, त्यात निळं द्रव असते, रेडिएटरच्या तोंडावर धरून चालू इंजिनची वाफ त्यातून ओढायची, पाण्यात जळलेली गॅस येत असेल तर निळ्याचं पिवळं होते. दहा मिनिटांचं काम आहे, जो हेड उघडायला सांगते त्याला म्हणा भाऊ आधी हे करून दाखव. बाकी खुणा: थंड इंजिन सुरू केल्या-केल्या मिनिटाभरात वरचा पाईप दगडासारखा टणक होणं, झाकण उघडं ठेवून सुरू केलं तर पाण्यात सतत बुडबुडे, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडी मलई दिसली म्हणून घाबरू नका, कमी अंतर चालणाऱ्या गाडीत हिवाळ्या-पावसाळ्यात ओलाव्यानं ती होते, डिपस्टिक स्वच्छ आहे का ते बघा.

आणि समजा टेस्टमध्ये निघालंच, तर नुसतं गॅस्केट बदलून हेड परत ठोकू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वाक मोजायचा, बहुतेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते, त्याच्या वर गेलं तर लेथवाल्याकडे फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. बोल्ट ताणाचे (कसल्यावर कायमचे ताणले जाणारे) असतील तर नवेच, आणि टॉर्क रेंच लावून मॅन्युअलच्या क्रमानं, अंदाजानं पाना मारून नाही.

काट्याबद्दल एक सांगतो. आजकालचा काटा खरं सांगत नाही, साधारण ८० पासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्येच उभा राहते, बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा-लाल दिवा आहे. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा) लावा, मोबाइलवर खरा आकडा दिसते. ८८ ते १०० मध्ये वरखाली होणं ठीक, फॅन लागला की उतरायला पायजे. १०५ च्या वर सरकत राहिला तर एसी बंद, ११० दिसलं की बाजूला घ्या.

रस्त्यात चढलाच तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल. ४५ डिग्रीत हीटर म्हणजे जीव जाते, खिडक्या उघडा आणि सहन करा, हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. वाफ निघून राहिली किंवा काटा लालमध्ये गेला तर थेट इंजिन बंद. आणि वाफ निघत असताना काटा अचानक थंडकडे पडला तर खूश होऊ नका, सेन्सरपाशी पाणीच उरलं नाही असा त्याचा अर्थ. झाकणाला पाऊण-एक तास हात लावायचा नाही, आत दाबाखालचं शंभराच्या वरचं पाणी आहे, उघडताच ते तोंडावर येते, ओलं फडकं धरून काही होत नाही. तापलेल्या इंजिनवर बाहेरून बाटलीभर थंड पाणी ओतणारे बघितलेत, त्यानं हेडला चीर जाऊ शकते. थंड झाल्यावर हळूहळू भरा, शक्यतो इंजिन चालू ठेवून.

राहिला थर्मोस्टॅट. काढला म्हणून गाडी थंड राहील हा जुना समज आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासचा रस्ता बंद करते, तो नसला की गरम पाण्यातलं काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरते, म्हणजे सिग्नलला उलट जास्त तापते. आणि सकाळी इंजिन वेळेवर गरम होत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त देत राहते, ॲव्हरेज पडते, ऑइलमध्ये गाळ होते. जुना असला तर दोऱ्याला बांधून पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडून बघा, ८२ किंवा ८८ जो आकडा त्यावर कोरला त्याच्या आसपास उघडायला लागला पायजे. फेकला असेल तर नवा घ्या, त्याच आकड्याचा.

बसवताना त्यावरची बारीक हलणारी पिन वर येईल असा बसवायला सांगा, हवा तिथून निघते. गाडीचं तोंड चढावर ठेवायचं, हीटर फुल गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) असेल तर उघडा, हळूहळू भरत वरचा पाईप दाबत राहायचं, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत. इथे हवा राहिली तर काटा नाचते आणि सगळे पुन्हा हेडचं नाव घेतात. पहिले काही दिवस सकाळी थंड इंजिनवर लेव्हल बघा, उरलेली हवा निघाली की थोडी उतरते, तेवढी भरा; त्यानंतरही उतरतच राहिली तर प्रेशर टेस्ट परत लावा आणि रिड्यूसरच्या टी-जॉइंटपासून सुरू करा.